लाल बंगल्याबाहेरची जागा

रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाकडून आत शिरणाऱ्या अरुंद गल्लीत, विजया लांजेवारचं घर कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी त्या गल्लीतून स्कूटर घेऊन निघालेला माणूस तिच्या दारापाशी जरा सावकाश होतो, कारण खिडकीतून फोडणीचा वास बाहेर येतो आणि त्याला धरून ठेवतो. तिचं माहेर आर्वीचं. लग्न होऊन आली ती रेल्वेतल्या घरात. यशवंतराव वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त झाले आहेत, पेपर वाचतात आणि उरलेल्या वेळात बायकोला टोमणे मारतात. एकुलती एक मुलगी, उल्का, लग्न होऊन भिलाईला गेली आहे.

विजयाला आपल्या हाताचा अभिमान आहे आणि तो ती लपवत नाही. लग्नकार्यातलं पुरण असो की रोजचं वरण, तिच्या चुलीवरून आजवर काही उतू गेलेलं कुणी पाहिलं नाही. "भांडं उठायच्या आधी सांगते बरं," ती शेजारणींना समजावते. "आधी गुणगुणते. मग एकदम गप्प होते. गप्प झालं का समजायचं, आता ते उठून राहिलं." आणि भांडं गप्प होताच तिचा हात झाकणावर असतो. मध्ये विचार करायला जागाच नसते.

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, शेतांपलीकडे नवी राजधानी उभी राहिली, आणि कचेऱ्यांत कुठकुठून माणसं आली. दोन घरं सोडून राहणारा भास्कर मोहरील अशाच एका कचेरीत लागला. सुट्टी आली की तो दहा-बारा जणांना गोळा करून जंगलात पायी न्यायचा. पहिल्याच वेळी त्यांचा स्वयंपाकी अभनपूरच्या बाजारात चहा प्यायला उतरला, आणि पुढे चालत जायचं आहे हे कळताच तिथूनच परत फिरला. पुढच्या खेपेला भास्कर विजयाच्या दारात उभा होता.

"काकू, चालणं लय आहे पण," तो भीत भीत म्हणाला.

"मले पाय नाहीत का?" विजया म्हणाली.

तेव्हापासून ती जाते. साधं पाचवारी लुगडं वर खोचलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर पातेल्यांचं गाठोडं. यशवंतराव दरवेळी पेपर खाली न करता विचारतात, "काहून जातेस त्या जंगलात? घरात चूल नाही का तुले?"

"आहे ना. पण घरच्या चुलीसमोर तुम्ही असता."

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्ट्यांत ते निघाले. अभनपूर, राजिम, गरियाबंद, मैनपूर. मैनपूरच्या पुढे डांबर संपलं, जीप थांबली आणि पाय सुरू झाले. पाऊस नुकताच मागे सरलेला होता. सालाची झाडं धुतल्यासारखी दिसत होती आणि ओढे अजून गुडघाभर वाहत होते. जंगलातली वाट ही गावातल्या वाटेसारखी नसते. ती माणसाला नेत नाही, त्याच्याबरोबर चालते. कधी दगडावर चढून बसते, कधी पानांखाली लपते, आणि तुम्ही थकून उभे राहिलात की समोरच्या वळणावर पुन्हा दिसते. विजया सगळ्यांच्या मागून, आपल्या चालीनं चालायची. पातेली पाठीवर वाजायची. त्या आवाजावरून पुढच्यांना कळायचं की रात्रीचं जेवण येत आहे.

डोंगराच्या पोटाशी भेलवापानी नावाचा लहानसा पाडा आहे. तिथं भुंजिया आदिवासींची घरं. विजया तिथं आधीही आली होती, आणि नव्या मंडळींना तिथली रीत सांगायचं काम तिनं आपण होऊन घेतलं होतं. भास्करच्या कचेरीत नव्यानं आलेली सोनिया अंगणात उभी राहून बघत होती. मोठ्या घरापासून वेगळी, गेरूच्या रंगाची, वाकून आत जावं लागेल अशी एक झोपडी होती. तिच्याभोवती दगडांची ओळ मांडलेली.

"काकू, ये छोटासा घर किसका है?" सोनियानं विचारलं.

"घर नाही. रांधायची जागा आहे. लाल बंगला म्हणतात," विजयानं सांगितलं. "त्यांचे पुरखे तिथंच राहतात, चुलीजवळ. बाहेरच्याचा हात लागला का सगळी झोपडी मोडा लागते, नवी बांधा लागते. चपला इथं काढ, आणि हात आपल्यापाशी ठेव. दगडांच्या पलीकडे जाऊ नको."

"सिर्फ छूने से?"

"सिर्फ छूने से," विजया म्हणाली. तिच्या आवाजात अशी ऐट होती, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही रीत आर्वीहूनच इथं आली.

घर सुकवारोचं होतं. सुकवारो म्हणजे वाळलेल्या आवळ्यासारखी म्हातारी, कपाळावर आणि हातांवर गोंदण. विजयाला ती 'नोनी', म्हणजे पोरी, म्हणायची, आणि केस पिकलेल्या विजयाला ते फार आवडायचं. विजया तिला 'दाई' म्हणायची. तिची वऱ्हाडी आणि म्हातारीची छत्तीसगढी एकमेकींच्या अंगणातून ये-जा करायच्या.

दुपारी मंडळी ओढ्यावर आंघोळीला गेली. सुकवारोचा मुलगा बिसाहू आणि सून शेतावर होते. सुकवारो चुलीवर भात ठेवून पाण्याला गेली. अंगणात कोंबड्या आणि विजया, एवढीच राहिली. ती ओळीच्या अलीकडे बसून लसूण सोलत होती. लाल बंगल्याच्या दारातून चुलीचा जाळ दिसत होता आणि भांडं गुणगुणत होतं.

मग ते गप्प झालं.

विजयाला नंतर आठवलं ते एवढंच, की लसणाच्या पाकळ्या मांडीवरून सांडल्या. पुढचं तिच्या हातानं केलं. ती दगड ओलांडून गेली, डावा हात दाराच्या खांबाला टेकवून वाकली आणि उजव्या हातानं झाकण बाजूला सारलं. फेस वर आला होता तो खाली बसला. एक थेंब जाळात पडला नाही. तिला बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्यातच तिनं आपला डावा हात पाहिला.

तो खांबावर होता. लाल माती बोटांना लागली होती.

मागं वळली तर सुकवारो अंगणात उभी होती, डोक्यावर हंडा, काखेत घागर. तिनं आधी हंडा उतरवला, मग घागर. पाणी सांडू दिलं नाही.

"छू डारे का, नोनी?"

"हव," विजया म्हणाली. "भात उतू चालला होता, दाई."

"उतू जाऊ द्यायचा होता," सुकवारो म्हणाली. ती चिडून बोलली नाही. थकलेलं माणूस बोलतं तशी बोलली. मग तिनं घागरीतलं पाणी नेऊन चुलीवर ओतलं. फुसकन राखेचा धूर दारातून बाहेर आला. भात तिनं भांड्यासकट बाहेर काढला आणि कोंबड्यांपुढे पालथा केला.

बिसाहू आला, त्यानं सगळं ऐकलं. मग तो लाल बंगल्याच्या छपरावर चढला आणि गवत उपसू लागला.

खरी अडचण रांधणघराची नव्हती. झोपडी काय, पुन्हा उभी राहते. पण नवाखाईचा सण तोंडावर आला होता. उतारावरच्या शेतातलं पहिलं भात कापून आलं होतं. त्याचे तांदूळ कांडायचे, घरच्या चुलीवर शिजवायचे, पुरख्यांना दाखवायचे, आणि मग माणसांनी तोंडात घालायचे. तोवर नव्या दाण्याला कुणी शिवत नाही. पाड्याच्या म्हाताऱ्यानं दिवस ठरवला होता. तो पुढे सरकत नाही. त्या दिवशी चूल नसेल तर सुकवारोचे पुरखे उपाशी राहणार, आणि घरातलं कुणी वर्षभर नव्या भाताला मन मोकळं करून हात लावणार नाही. भिंती लिंपल्या तरी ओल्या भिंतीत चूल पेटवत नाहीत. आणि त्या दिवसांत आभाळाचं मन काही साफ नव्हतं.

भास्करनं विजयाला बाजूला घेतलं. "काकू, माफी मागू आणि सकाळी निघू. आपण थांबलो तर त्यांना उलट संकोच होईल."

"तुम्ही निघा," विजया म्हणाली. "वरचा धबधबा पाहा, याच वाटेनं परत या. मले परत येताना घेऊन जा."

"आणि आमचा स्वयंपाक?"

"सोनियाला खिचडी येते. नाही आली तर शिकन."

"काकांना काय सांगू?"

"ते इथं आहेत का तुले विचारायला?"

मंडळी गेली. विजया अंगणाच्या कडेला आपलं गाठोडं घेऊन बसली. सुकवारो तिच्याकडे आली. "तैं जा, नोनी. इथं तुझं काय काम?"

"माती तुडवते."

"तुझा हात चालत नाही ना."

"पाय चालतात का, ते विचार."

सुकवारोला हसू आलं असावं, पण तिनं ते तोंडाबाहेर येऊ दिलं नाही. बिसाहू पाड्याच्या म्हाताऱ्याला विचारून आला. म्हाताऱ्यानं बिडी विझवली म्हणे, आणि म्हणाला, माती जमिनीची असते, गवत रानाचं असतं, लाकूड झाडाचं. जाळ पेटला की ते पुरख्यांचं होतं. तोवर ज्याचा हात लागायचा त्याचा लागू दे.

मग काम सुरू झालं. प्रत्येक घरातून गवताची एकेक पेंढी आली. बिसाहूनं खांब तोडून आणले, बांबूचे कूड विणले. तांबडी माती डोंगराच्या वरच्या अंगाला मिळायची. विजया आणि बिसाहूची बायको टोपल्या घेऊन जायच्या. वाटेत करूची पांढरी झाडं उभी असायची, अंगाला भस्म फासल्यासारखी. कधी हरणांचा कळप थबकून बघायचा आणि मग पानांतून निघून जायचा. रायपूरहून येताना हेच रान विजयाला बघायची गोष्ट वाटायचं. आता टोपली डोक्यावर आली आणि ते येण्याजाण्याची वाट झालं. कुठला दगड हलतो, कुठे पाय घसरतो, कुठे टोपली टेकवायला बुंधा आहे, हे तिला पाठ झालं.

मातीत तिनं पेंढा घातला, पाणी घातलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि तुडवू लागली. आर्वीला लहानपणी ती हे काम करायची. तिच्या मते माती लोण्यासारखी झाली होती. सुकवारोनं चिमूटभर उचलली, बोटांत चोळली.

"पातळ आहे."

"पातळ? आर्वीत अशाच मातीच्या भिंती आहेत."

"मग तिथं पाऊस पडत नसेल," सुकवारो म्हणाली आणि आणखी माती ओतून गेली. विजयानं पुन्हा तुडवली.

चूल घालायची वेळ आली तेव्हा विजयाला राहवलं नाही. "दाई, शेजारी एक वैल ठेव. एका जाळावर भातही होईल अन् बाजूला वरण गरम राहील. आमच्याकडे असते."

सुकवारो चिखलाचे हात तसेच धरून तिच्याकडे बघत राहिली. "माझे पुरखे एकतोंडी चुलीला ओळखतात. दोन तोंडं दिसली तर म्हणतील, हे दुसऱ्याचं घर. मग तू जाशील का त्यांना रस्ता सांगायला?"

बिसाहू छपरावरून हसला. विजयाही हसली. त्या घरात झालेल्या चुकीनंतर ते पहिलं हसू होतं, आणि ते तिच्यावरच होतं, म्हणून तिला जास्त बरं वाटलं.

जेवणाची मात्र पंचाईत होती. सुकवारोच्या घरचे बिसाहूच्या काकाच्या घरी जेवायचे, त्याच कुळाची चूल म्हणून. विजयाच्या हातचं ते खात नसत. तिनं अंगणापलीकडे तीन दगड मांडले होते. पण एकटीपुरता भात घालायचा अंदाज तिला कधी आलाच नव्हता. दरवेळी जास्त व्हायचा. उरलेला कोंबड्या खायच्या, आणि विजया आल्याच्या आनंदात सगळ्या पाड्याच्या कोंबड्या तिच्यामागे फिरायच्या.

"नोनी, तू माणसांसाठी रांधतेस की कोंबड्यांसाठी?" सुकवारो आपल्या ओट्यावरून विचारायची.

"कोंबड्या नावं ठेवत नाहीत, दाई."

भिंती उभ्या राहिल्या, लिंपून झाल्या, गेरू चढला. आणि आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पण ऊनही आलं नाही. दिवसभर एक मळकट उजेड झाडांवर पसरून राहिला. सुकवारो सकाळी भिंतीला तळवा लावायची आणि माघारी यायची. विजयाही लावायची. भिंत गार लागायची, ताप उतरलेल्या कपाळासारखी. बिसाहू आभाळाकडे बघायचा आणि विजया बिसाहूकडे. आपल्याला कुणी काही म्हणत नाही हेच तिला जड जायचं. रायपुरात असती तर यशवंतरावांनी एव्हाना दहा वेळा ऐकवलं असतं, आणि ते तिला सोपं गेलं असतं.

नवाखाईच्या आदल्या दिवशी दुपारी वारा फिरला. आधी पानं उलटी झाली, मग डोंगराच्या माथ्यावर पिवळा पट्टा पडला, आणि तो हळूहळू उतरत अंगणात आला. विजया उठून उन्हात उभी राहिली, जणू तिलाच सुकायचं होतं. सुकवारोनं लाल बंगल्याचं दार सताड उघडं टाकलं, म्हणजे ऊन आत जाईल. ऊन गेलं. संध्याकाळपर्यंत आत बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करची मंडळी परत आली. सोनियाची खिचडी करपली होती हे तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. त्याच वेळी दुसऱ्या वाटेनं एक बाई आली, पोराला कडेवर घेऊन, पाय धुळीनं पांढरे झालेले. सुकवारोची मुलगी फगनी. ती डोंगरापलीकडच्या गावी दिलेली होती. नवाखाईला माहेरी आली होती.

तांदूळ कांडून तयार होते. सुकवारोनं भिंतीला तळवा लावला आणि तसाच ठेवला. मग वळून तिनं विजयाला हाक मारली.

"नोनी, इकडे ये. हात लाव."

विजया ओळीपाशीच थांबली.

"लाव. माझा हात म्हातारा आहे, त्याला ओलं-कोरडं कळत नाही."

विजयानं ओढ्यावर आंघोळ केलेली होती, तरी तिनं पदराला हात पुसला. तिचा डावा हात, ज्या हातानं सगळं मोडलं तोच, तिनं भिंतीवर टेकवला. भिंत कोरडी होती. आत अजून कालच्या उन्हाची ऊब होती.

"सुखागे, दाई," ती म्हणाली.

"मग आता बाहेर."

विजया दगडांच्या ओळीबाहेर आली. सुकवारो सुनेला घेऊन वाकून आत गेली, आणि थोड्या वेळानं दारातून पहिला धूर निघाला. निळा, पातळ, वाट चुकल्यासारखा. मग त्याला वर जायचा रस्ता सापडला.

विजया ओळीला लागून बसली. तिच्या शेजारी फगनी येऊन बसली, पोराला मांडीवर घेऊन. विजयाला वाटलं, ती आत जाईल. ती गेली नाही.

"आईला मदत नाही करत?" विजयानं विचारलं.

"मी आता बाहेरचीच ना," फगनी म्हणाली. "लगीन झालं. दुसऱ्या घरची झाले. माझा हात लागला तरी मोडावं लागेल." तिनं हे अशा आवाजात सांगितलं, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं. मग ती जरा सरकली आणि दगडांजवळची एक गुळगुळीत, बसून बसून खोल झालेली जागा दाखवली. "ही माझी जागा. इथून चूल नीट दिसते. आई दरवर्षी सारवून ठेवते."

विजयानं खाली पाहिलं. जागा खरंच सारवलेली होती. आणि या वेळी ती नेहमीपेक्षा रुंद सारवलेली होती. दोन बायकांना पुरेल एवढी. ती केव्हा सारवली, तिला कळलंच नव्हतं. इतके दिवस ती या ओळीबाहेर गुन्हेगारासारखी बसली होती. आणि त्या म्हातारीची पोटची पोरगी दरवर्षी इथंच बसत आली होती, आईच्या हातानं सारवलेल्या जागेवर. विजयाला भिलाईची उल्का आठवली. दिवाळीला आली की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, आणि आई आत काही करू देत नाही म्हणून रागावते.

आत भांडं गुणगुणायला लागलं होतं. दोघी ऐकत बसल्या. बिसाहू, सोनिया, भास्कर अंगणात मागे उभे होते.

मग भांडं गप्प झालं.

विजयाचा उजवा हात मांडीवरून उठला. त्याच क्षणी तिच्या शेजारी फगनीचाही हात उठला. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले, आणि दोघींनीही ते आपापल्या मांडीखाली दाबून धरले. झाकणाखालून फेस आला, भांड्याच्या पोटावरून ओघळला, जाळात चर्र झालं.

आतून सुकवारोचा आवाज आला. "बइठे रहव, दोघी."

ती सावकाश उठली, सावकाश वाकली आणि झाकण काढलं. तिला काहीच घाई नव्हती. नव्या तांदळाचा वास बाहेर आला, दगडांवरून, दोघींच्या अंगावरून, अंगणभर.

पुरख्यांचं झाल्यावर तिनं पानाच्या द्रोणांत भात आणून ओळीवरून दिला. आधी फगनीला, मग विजयाला. भात थोडा चिकट होता आणि तळाला किंचित लागला होता. आपल्या घरी असा भात विजयानं ताटात पडू दिला नसता. इथं तिनं द्रोण चाटून पुसून संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"कसा आहे, नोनी?"

"माझ्यापेक्षा चांगला म्हणणार नाही, दाई," विजया म्हणाली. "पण अजून दे."

रायपूरला ती पोचली तेव्हा यशवंतराव पेपर घेऊन दारातच बसले होते. भास्करनं येताना त्यांना फोनवर थोडंबहुत सांगितलं होतं.

"एवढे दिवस काय केलंस म्हणे तिथं?"

"माती तुडवली," विजया बूट काढत म्हणाली. "मग बसले."

"तू? चूल समोर असताना बसली?"

"बसले. भात उतू गेला तरी बसले."

यशवंतरावांनी पेपर खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तो त्यांनी बायकोसाठी पहिल्यांदाच खाली ठेवला असेल. "उतू गेला?"

"मस्त गेला," विजया म्हणाली, आणि पातेली घासायला आत गेली. तिच्या डाव्या हाताच्या नखांत अजून लाल माती होती. ती तिनं काही दिवस तशीच राहू दिली.